मोहाची वेळ लिहून ठेवा

वसईतल्या एका चर्चमागच्या हॉलमध्ये लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या, दर शुक्रवारी, क्रूसाच्या वाटेची चौदा स्थानं आटोपली की, काही मुलंमुली खुर्च्या ओढून गोल करून बसतात. कुणी अकरावीला, कुणी नुकतंच नोकरीला लागलेलं. दोघे-तिघे चर्चगेटहून येणाऱ्या गाडीतून थेट आलेले, सॅक अजून पाठीला. त्यांच्यासमोर एक निवृत्त शिक्षक बसतात. अख्खं गाव त्यांना सर म्हणतं, म्हणून मीही तेच म्हणते.

सर प्रवचन देत नाहीत. प्रत्येकाकडे एक वही असते आणि पानावर दोनच रकाने: कधी आणि कुठे. काय, ते लिहायचं नाही. ‘‘काय ते देवाला ठाऊक आहे. मला कळून काय करायचंय?’’ असं ते पहिल्याच बैठकीत सांगून टाकतात. त्यामुळे एरवी तोंड न उघडणारी मुलंही आपली नोंद वाचून दाखवतात. ‘रात्री साडेअकरा, गादीवर.’ ‘विरार गाडीत, मॅच चालू असताना.’ ‘पगाराच्या दिवशी, स्टेशनबाहेर.’ ‘घरी कुणी नसताना.’ एवढ्यावरून ज्याला जे समजायचं ते समजतं आणि कुणी हसत नाही.

वहीची ही पद्धत सरांनी शोधलेली नाही. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचं ‘आध्यात्मिक साधना’ हे पुस्तक 1548 मध्ये छापलं गेलं, त्यात ती आहे. एकच दोष निवडायचा. सकाळी उठताच त्याची आठवण करायची, दुपारी आणि रात्री जेवणानंतर हिशेब घ्यायचा, जितक्या वेळा पाय घसरला तितके ठिपके त्या दिवसाच्या रेघेवर द्यायचे आणि आजची रेघ कालच्या रेघेशी ताडून पाहायची. घसरल्या क्षणी छातीवर हात ठेवावा, हे चारचौघांतही कुणाच्या लक्षात न येता करता येतं, असंही त्यांनी लिहून ठेवलंय. मूळचा सैनिक माणूस. त्याला कवायतीचं महत्त्व ठाऊक होतं. सरांनी ठिपक्यांऐवजी वेळ आणि जागा घेतली, इतकाच फरक.

नोंदी वाचून झाल्या की मत्तयाच्या शुभवर्तमानातला अरण्यातल्या मोहाचा प्रसंग उघडतात. हा प्रसंग या मुलांनी लहानपणापासून ऐकलेला असतो. सर विचारतात, ‘‘सैतान कधी आला?’’ चाळीस दिवसांच्या उपासानंतर, भूक लागल्यावर. ‘‘आणि कुठे?’’ जिथे दुसरं माणूस नव्हतं. म्हणजे तेच दोन रकाने. मग ते पुढचं दाखवतात. भाकर काही वाईट वस्तू नाही. दुसऱ्या मोहात तर सैतान स्वतःच स्तोत्रातलं वचन म्हणून दाखवतो. येशू तिन्ही वेळा अनुवादाच्या पुस्तकातल्या वचनांनी उत्तर देतो हे खरं, पण वचन समोरच्यालाही पाठ होतं! तेव्हा नुसत्या पाठांतराच्या भरवशावर राहू नका, असं सर सांगतात. कॅटेकिझमच्या वर्गात पाठांतराची बक्षिसं घेतलेली मुलं इथे जरा चुळबुळतात.

‘‘मग प्रार्थना कुठे आली यात?’’ एका मुलीने विचारलं. तिला हे सगळं बहुधा फार कोरडं वाटत होतं.

‘‘साडेअकराला प्रार्थना सुचत नाही, बाळ. ती अकराला करायची. मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावायचा आणि मग गुडघे टेकायचे. आधी मोबाइल.’’

मला हा क्रम पटला. श्रद्धा म्हणजे ऐन वेळी अंगात येणारं बळ, अशी समजूत घेऊन ही मुलं आलेली असतात. ते बळ आलं नाही की आपली श्रद्धाच खोटी, असं धरून बसतात. सर त्यांना उत्पत्तीच्या पुस्तकातल्या योसेफाची आठवण देतात. पोटीफराच्या बायकोने वस्त्र धरलं तेव्हा तो वाद घालत बसला नाही; वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला. पळणं हाही विश्वासच. मर्दुमकीच्या गोष्टींवर वाढलेल्या मुलग्यांना हे पचायला वेळ लागतो.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो मात्र एका जुन्या भेदावर. विचार मनात येणं आणि त्याला होकार देणं. चर्चची शिकवण इथे स्पष्ट आहे: मोह होणं हे पाप नव्हे, येशूलाही मोह झाला. पण शिकवण पुस्तकात राहते आणि मुलं नुसत्या विचारानेच स्वतःला अपराधी ठरवून मोकळी होतात. गंमत म्हणजे, एकदा अपराधी ठरलं की पुढचं पाऊल सोपं होतं. झालंच आहे तर होऊ दे. याच्या उलट टोकाला तोच विचार घेऊन दर आठवड्याला कन्फेशनला जाणारी एक मुलगी होती. तिला फादरांनी सांगितलं, महिन्याने या. ते मला मोठ्या शहाणपणाचं वाटलं.

कन्फेशनचं वळण वसईत ठरलेलं आहे. लेंटमध्ये आजूबाजूच्या धर्मग्रामांतले फादर एकमेकांच्या मदतीला येतात, रांगा लागतात, आणि तरुणांची रांग हमखास पाहुण्या फादरांपुढे लांब असते. ओळखीचा आवाज नको असतो. कन्फेशनमध्ये ऐकलेलं फादर कुणालाही, कोणत्याही कारणाने सांगू शकत नाहीत, हे माहीत असूनही लाज वाटतेच. इग्नेशियस म्हणतात की मोहात पाडणारा हा चोरट्या प्रियकरासारखा असतो; त्याचं बोलणं जाणत्या माणसाच्या कानी गेलेलं त्याला चालत नाही. त्यांचा आणखी एक दाखला किल्ल्याचा: शत्रू तटाची कच्ची बाजू हेरून तिथेच हल्ला करतो. तो वसईच्या पोरांना समजवावा लागत नाही. 1739 च्या वेढ्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून पाडलेला तट त्यांच्या सहलीच्या जागेत आहे.

मोठ्या मेळाव्यांतून हजारोंना एकदम हात वर करायला लावून शपथा देतात, त्याबद्दल मी सरांना विचारलं. ते नुसते हसले. माझं मत विचाराल तर, गर्दीतली शपथ गर्दीबरोबरच पांगते. भीतीचंही तसंच. नरकाची वर्णनं ऐकून मुलं गप्प होतात, आणि गप्प होणं हीच तर अडचण आहे.

सरांची खरी धास्ती ईस्टरनंतरची. लेंटमध्ये इथे लग्नं होत नाहीत. अख्खं गावच आवरतं घेतं, त्यामुळे चाळीस दिवस दारू न पिणं फार अवघड जात नाही. एप्रिल-मे उजाडला की मांडव पडतात, बँड वाजतो आणि ग्लास हातात दिला जातो, तोही काकामामांकडून. त्याच दिवसांत आयपीएल. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 मध्ये कायद्याने बंदी आली खरी, पण पैजेची चटक ॲपबरोबर पुसली गेलेली नाही, हे वह्यांतल्या वेळांवरून दिसतं. एका मुलाने सुचवलं, ईस्टरच्या जागरणाला नवा अग्नी पेटवतात त्यात वह्या जाळूया. सर म्हणाले, ‘‘अजिबात नाही. मार्चची पानं मे महिन्यात लागतील.’’ बैठकही म्हणूनच पेंटेकॉस्टच्या सणापर्यंत चालू राहते, गळती होत होत.

सगळं वहीने भागत नाही, हेही ते जाणून आहेत. एखाद्याच्या नोंदीत सकाळ दिसू लागली, कामाच्या आधीची सकाळ, की ते त्याला बाजूला घेऊन डॉक्टरांकडे किंवा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठकीला पाठवतात. मोह वेगळा, व्यसन वेगळं. आजारी माणसाला केवळ प्रार्थनेवर ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे, असं ते ठणकावून सांगतात.

मुलांच्या आया अधूनमधून हॉलच्या दाराशी येतात. ‘‘सर, आमच्याने काय लिहिलंय हो?’’ सर कधीच सांगत नाहीत. सांगण्यासारखं त्यांच्याकडे असतंही थोडंच. तेव्हा आईवडिलांना एक विनंती: घरात अशी वही दिसली तर ती उघडू नका. आणि येत्या मे महिन्यात लग्नाच्या मांडवात कुणी पोरगा ‘नको’ म्हणाला, तर त्याला दुसऱ्यांदा आग्रह करू नका.