गोठ्यामागची जीप भंगारात देण्यापूर्वी

श्रीगोंदा तालुक्यातील एखाद्या जुन्या मळ्यावर जाऊन पाहा. गोठ्यामागे, कडब्याच्या गंजीला टेकून किंवा बाभळीच्या सावलीत एखादी जीप, नाहीतर फियाट उभी दिसेल. टायर मातीत रुतलेले, आसनावर कोंबडीने अंडी घातलेली, बॉनेटवर वाळत टाकलेली पोती. हीच गाडी पहिल्यांदा दारात आली तेव्हा तिला नारळ फोडला होता, सुवासिनींनी ओवाळले होते. घरातली एखादी लेक हिच्यातूनच सासरी गेली असेल. आता भंगारवाला येतो, एक चक्कर मारतो आणि किलोचा भाव सांगतो. घरातली मंडळी म्हणतात, "देऊन टाका, जागा तरी मोकळी होईल."

वाचकहो, हा लेख त्या व्यवहाराच्या आदल्या दिवशी वाचावा, एवढीच विनंती. गाडी विकूच नका असे मी म्हणणार नाही. पण आपण काय विकतो आहोत ते ठाऊक असावे; आणि ठेवायची झाली तर हा छंद किती खातो, तेही ठाऊक असावे.

जीप मूळची अमेरिकेतील विलीज कंपनीची, दुसऱ्या महायुद्धातील लष्करी गाडी. महिंद्र कंपनीने १९४७ साली तिचे सुटे भाग मागवून ती आपल्याकडे जोडायला घेतली आणि १९४९ साली मुंबईच्या माझगावात जोडणी सुरू झाली. आपल्या भागात जी उंच नाकाची जीप दिसते, तिचे नाक हौसेने उंच केलेले नाही. आधीच्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये होते. नव्या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आले, इंजिन उंच झाले, म्हणून बॉनेटही उंच करावे लागले. इंजिन चार सिलिंडरचे, सुमारे २.२ लिटरचे. पुढे पेट्रोल महागले तेव्हा इंटरनॅशनल बी-२७५ या ट्रॅक्टरच्या जातीचे डिझेल इंजिन जीपला बसू लागले. म्हणजे ज्याच्या घरी तो लाल ट्रॅक्टर होता, त्याला डिझेल जीपचे इंजिन काही परके नाही.

फियाटची कथाही आपल्या शेजारचीच. भीमेपलीकडे इंदापूर तालुक्यात ज्यांच्या नावाने वालचंदनगर वसले, त्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली आणि पुढे ती प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षे भरली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर तीही रस्त्यावरून गेली.

आता आपल्या गोठ्यामागे येऊ. काष्टीच्या बाजारात बैल घेताना आपण शिंगांचा रंग बघत नाही, दात बघतो, चालवून बघतो. गाडीचे दात म्हणजे तिची चासी. लहान हातोडी घ्या आणि चासी टोकापासून टोकापर्यंत वाजवत जा. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत आहे. भद्द आवाज आला तर आतून गंजाने खाल्ले आहे. वरचा पत्रा कितीही फाटलेला असो, तो बदलता येतो. चासी गेली असेल तर मात्र भंगारवाल्याला चहा पाजावा आणि भाव ठरवावा.

चासी चांगली निघाली तर पाना हातात घेण्याआधी कागद काढा. नोंदणी पुस्तकातील चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहा. पुष्कळ जीपांचे पेट्रोल इंजिन काढून डिझेल घातले गेले, पण पुस्तकात ते कोणी चढवले नाही. कित्येक गाड्या अजून वारलेल्या वडिलांच्याच नावावर असतात. हे आधी निस्तरावे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली वेगळी नोंदणी केली आहे. तिच्या नंबरात 'व्हीए' अशी अक्षरे येतात. पण एक लक्षात ठेवा, ही नोंदणी प्रदर्शनाला, जुन्या गाड्यांच्या रॅलीला, दुरुस्तीला नेण्यासाठी आहे. रोज मळ्यावर किंवा बाजाराला ती गाडी नेता येत नाही. ज्याला गाडी वापरायची आहे त्याने साधी नोंदणीच वाढवून घ्यावी. शुल्क वेळोवेळी बदलते, ते नगरच्या परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

आमच्या चुलत्यांची जीप अकरा वर्षे उभी होती. मी आणि माझ्या धाकट्या भावाने ती उठवायचे ठरवले, तेव्हा आमचा पहिला बेत ट्रॅक्टरला बांधून ओढायचा होता. श्रीगोंद्याच्या एका वयस्क मिस्त्रींनी तो हाणून पाडला. "झोपलेल्या माणसाला लाथ मारून उठवता का?" म्हणाले. आत पिस्टन रिंगा गंजून चिकटलेल्या असतात. जोराने ओढले तर त्या तुटतात आणि सिलिंडरला चरे पडतात. त्यांनी चारही प्लग काढायला लावले, प्रत्येक भोकात दोन चमचे इंजिन ऑइल सोडले आणि दोन दिवस गाडीला हात लावू दिला नाही. तेवढ्या वेळात जुने पेट्रोल काढले (ते गुळाच्या काकवीसारखे चिकट झाले होते), इंजिनचे ऑइल काढले, हवेच्या गाळणीतले उंदराचे घरटे काढले. काढलेले ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे आणि हेड उतरवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तिसऱ्या दिवशी हँडल लावून इंजिन हाताने फिरवले. नव्या मुलांना हँडल माहीत नसते म्हणून सांगतो. अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवावा, मुठीसारखा आवळू नये. आणि हँडल खालून वर ओढावे, वरून खाली दाबू नये. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडते.

चौथ्या दिवशी गाडी चालू झाली. आम्हाला इतका आनंद झाला की मी तशीच ती गिअरमध्ये टाकली आणि बांधाच्या उताराला लावली. ब्रेक दाबला तर पायडल सरळ तळाला गेले. जीप लिंबाच्या बागेत घुसली आणि फळाला आलेल्या दोन लिंबोणी आडव्या करून थांबली. चुलती धावत आली, आम्ही धड आहोत हे पाहिले आणि म्हणाली, "गाडी चालू झाली म्हणायची, का थांबंना झाली म्हणायची?" त्या दोन लिंबोण्यांचा हिशेब ती अजून सांगते.

तेव्हा माझ्या मूर्खपणातून एवढे शिका. आधी थांबणे, मग चालणे. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते, त्याने मास्टर सिलिंडर व चाकांचे सिलिंडर आतून गंजतात आणि रबरी वॉशर फुगतात किंवा कडक होतात. हे सगळे सामान नवे घालावे. ब्रेकच्या ड्रममधली धूळ तोंडाने किंवा कॉम्प्रेसरने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे, ते फुफ्फुसाला घातक. ओल्या फडक्याने पुसावी. त्यानंतर टायर, मग स्टिअरिंगचे सांधे, मग वायरिंग. इंजिनाचे बारीक काम त्यानंतर. रंग सगळ्यात शेवटी! आपल्याकडे नेमके उलटे होते. लांबी भरून लालभडक रंग मारतात आणि आत गंज वाढत राहतो.

पेट्रोलच्या जुन्या गाडीला एक नवी अडचण आली आहे आणि ती आपल्याच शेतातून आली आहे. उसापासून कारखान्यात इथेनॉल होते, ते पेट्रोलमध्ये मिसळतात, आणि हे मिश्रण २०२५ सालापर्यंत वीस टक्क्यांवर पोहोचले. उसाला गिऱ्हाईक वाढले हे बरेच झाले. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या रबरी नळ्या, पेट्रोल पंपाचा पडदा, कारबुरेटरचे वॉशर या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. ते फुगतात, तडकतात, आणि गळक्या नळीखाली तापलेले इंजिन असते. इथेनॉल पाणीही ओढून घेते, ते टाकीच्या तळाशी साठते आणि टाकी गंजते. म्हणून या मिश्रणाला टिकणाऱ्या नळ्या मागून घालाव्यात, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी.

हे सर्व पुस्तकात सापडेलही. पण ते मिस्त्री पेचकसाची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावतात आणि सांगतात, "तिसऱ्याचा व्हॉल्व्ह." ते कोठे सापडेल? आजच्या गाडीला यंत्र जोडून दोष वाचतात. पॉइंट घासून वीस हजारांश इंच अंतर लावणारा हात आता विरळा. त्यांच्या गॅरेजमध्ये शिकायला पोरगा राहिलेला नाही. आमची पुतणी नववीत असताना सुट्टीत तिथे जाऊन बसायची. पहिले आठ दिवस तिला नुसते नट-बोल्ट धुवायला दिले. आज एक-तीन-चार-दोन ही ठिणगीची पाळी ती झोपेत सांगते आणि शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातले वेटोळे आमच्या जीपच्या कॉइलमध्ये दाखवते. गाडी ठेवायची असेल तर असे मिस्त्री हातीपायी धड आहेत तोवर ठेवा.

खर्चाचे स्पष्ट बोलू. जुनी गाडी राखून पुढे लाखो मिळतील या भ्रमात राहू नका. शहरातल्या हौशी लोकांचे भाव आपल्या जीपला क्वचित मिळतात. हा छंद आहे, तो पैसे खातो. बियाण्या-खताचा पैसा त्यात घालू नये, कर्ज तर मुळीच काढू नये. आम्ही एक वही ठेवली आहे, तिच्यावर चुलतीची नजर असते. त्या वर्षी लिंबाला भाव मिळाला तर गाडीला सामान, नाहीतर गाडीने वाट बघायची. काम चार वर्षे चालले, आणि त्याने कोणाचे काही अडले नाही.

हात घालण्याआधी पोरांना घेऊन एकदा नगरला जाऊन या. लष्कराचे रणगाडा संग्रहालय तेथे १९९४ पासून आहे. रोल्स-रॉईसची चिलखती मोटार तेथे आहे. १९६५ च्या युद्धात पाडाव केलेला पॅटन आहे, आपल्याकडे बनलेला विजयंता आहे. ओळखपत्र मात्र बरोबर न्या. नीट राखलेले लोखंड किती टिकते ते पोरांना डोळ्यांनी दिसते.

आमची जीप आता चालते. घाई नाही, ताशी चाळीसच्या वर आम्ही नेत नाही. मध्ये पेडगावचा किल्ला पाहून भीमाकाठी भाकरी खाऊन आलो. चुलती पुढच्या आसनावर बसते. बसण्याआधी तिला ब्रेक दाबून दाखवावा लागतो.