शेवई किती दूध पिते?

शेवयांची खीर बिघडते ती बहुतेक वेळा एकाच तऱ्हेनं. चुलीवरून उतरवताना छान ओघळती असते, पानं वाढेपर्यंत दाट होते आणि रात्री उरलेली सकाळी पातेल्यातून खरवडून काढावी लागते. मग घरात निकाल लागतो, ‘दूध कमी पडलं.’ पुढच्या वेळी दूध वाढवलं जातं, तरी तेच होतं. शेवई शिजल्यावरही पिणं थांबवत नाही, हे त्याचं कारण. पातेलं झाकून ठेवलं तरी आत तिचं काम चालूच असतं. म्हणून शेवईला किती दूध, केव्हा आणि किती वेगानं पिऊ द्यायचं, हे ज्याला कळलं त्याला खीर जमली. सांगली-साताऱ्याकडच्या घरांत याची तयारी खिरीच्या दिवशी सुरू होत नाही, ती उन्हाळ्यातल्या वाळवणातच सुरू होते. त्याच क्रमानं पाहू.

गहू आणि रवा

कृष्णा-वारणेच्या काठच्या शिवारात ऊस आणि हळदीच्या जोडीनं खपली गहू पिकतो. मळणी झाली तरी याच्या दाण्याचं टरफल सुटत नाही, ते वेगळं कांडून काढावं लागतं. पोळीच्या नेहमीच्या गव्हात ४२ गुणसूत्रं असतात, तर खपलीत २८. शेवया-रव्यासाठी वापरला जाणारा बन्सी गहूही २८ गुणसूत्रांचाच, म्हणजे खपलीचा जवळचा भाऊबंद. जुनी खपली उंच वाढायची आणि वाऱ्या-पावसात लोळायची. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं ‘एमएसीएस २९७१’ हा बुटका वाण काढला, त्यात हा त्रास कमी झाला.

शेवईसाठी या दोन्ही गव्हांचा एक गुण मोलाचा आहे. त्यांचा दाणा कडक असतो. जात्यात किंवा गिरणीत तो पिठासारखा भुगा न होता रव्याच्या कण्यांत फुटतो. गव्हातला स्टार्च सूक्ष्म दाण्यांच्या रूपात असतो. दळण जितकं बारीक, तितके हे दाणे जास्त भरडले जातात, आणि भरडलेला स्टार्च गार पाणीसुद्धा झटकन ओढून घेतो. रव्यात ते बरेचसे शाबूत राहतात. रव्याची शेवई सावकाश पिते आणि आकार धरून ठेवते, मैद्याची लवकर मऊ पडते, याचं मूळ इथं आहे.

दळायच्या आधी गव्हाला पाण्याचा हात लावून रात्रभर फडक्यात गुंडाळून ठेवतात. ओलाव्यानं वरचा कोंडा चिवट होतो. दळताना त्याची पूड होत नाही, मोठे पापुद्रे सुटतात आणि ते पाखडून बाजूला करता येतात. मग दळण पातळ कापडातून किंवा बारीक चाळणीतून गाळायचं. खाली पडतं ते सपीट, वर राहतो तो रवा. सपीट पुरणपोळीला जातं, त्यातलंच थोडं रव्यात बांधणीसाठी मिसळतात. कोंडा नीट निघाला नाही तर त्याचे तुकडे शेवईच्या धाग्यात अडकतात आणि धागा नेमका तिथंच तुटतो.

मळणं, वळणं, वाळवणं

रवा, चवीपुरतं मीठ आणि बेताचं पाणी. पीठ आधी घट्टच भिजवायचं आणि ओल्या फडक्याखाली काही तास ठेवायचं. कणीच्या गाभ्यापर्यंत पाणी पोचायला वेळ लागतो. घाई केली तर बाहेरून चिकट आणि आतून कोरडं असं पीठ हाती येतं. नंतर तेलाचा हात लावून ते भरपूर तिंबतात, कुटतात. या मारानं गव्हातल्या प्रथिनांचं जाळं तयार होतं. पीठ ओढलं की तुटण्याऐवजी लांबायला लागलं, म्हणजे ते झालं.

हातशेवयांसाठी उतरता लाकडी पाट लागतो. वरच्या टोकाला पिठाचा गोळा, त्यावर तळहात, आणि खाली लांबत जाणारा धागा दुसऱ्या हातानं झेलायचा. हे एकटीचं काम नाही. एक जण वळते, दुसरी धागे काठीवर टाकते, तिसरी पिठाला मार देते. पुढं बाकाला किंवा खाटेच्या पट्टीला आवळून बसवायचं, दांडा फिरवायचं यंत्र आलं. आता बऱ्याच गावांत विजेवरची यंत्रं आहेत आणि किलोच्या भावानं शेवया करून मिळतात. यंत्राची शेवई एकसारख्या जाडीची असते, त्यामुळे एकसारखी शिजते. हातशेवईत एक टोक केसासारखं तर एक सुतळीसारखं निघू शकतं. ती शिजवताना अंदाज हाताचाच लागतो.

वाळवताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओल्या शेवया थेट कडक उन्हात टाकणं. बाहेरचा भाग आधी आक्रसतो, आत ओल राहते आणि धाग्याला बारीक चिरा पडतात. चिरलेली शेवई डब्यात चुरा होते आणि दुधात जाताच विरघळायला लागते. म्हणून आधी वाऱ्यावर, सावलीत काठीवर वाळवून मग ऊन द्यायचं. नीट वाळलेली शेवई वाकत नाही, काडकन मोडते. मोडलेल्या जागी रंग आरपार सारखा दिसला आणि मध्ये पांढुरका ठिपका दिसला नाही, तर ती पावसाळाभर टिकते. बाजारातून शेवया घेतानाही हीच परीक्षा करावी. पुडीच्या तळाशी पिठूळ चुरा साठला असेल तर ती पुडी उपम्याला घ्यावी, खिरीला नको.

कढईतून पातेल्यात

१ लिटर दुधाला ७५ ग्रॅम शेवया पुरतात. हे प्रमाण पाहून हात आखडल्यासारखं वाटेल, पण शेवई शिजतानाच आपल्या वजनाच्या दीड-दोन पट पाणी घेते आणि नंतर त्यावर आणखी घेत राहते. साखर ८० ते १०० ग्रॅम, तूप दोन चमचे.

शेवया बोटभर लांबीच्या मोडून घ्याव्यात आणि तुपात मंद आचेवर परताव्यात. बदामी रंग आणि खमंग वास हा उघड फायदा. दुसरा फायदा दिसत नाही, पण खिरीला तोच वाचवतो. उष्णतेनं धाग्याच्या पृष्ठभागावरची प्रथिनं पक्की होतात आणि वर तुपाचा पातळ थर बसतो. त्यामुळे दुधात पडल्यावर स्टार्च लगेच बाहेर येत नाही, शेवया एकमेकींना चिकटत नाहीत. आच मोठी केली तर बारीक टोकं करपतात आणि जाड भाग पांढरेच राहतात. पुडीवर ‘भाजलेल्या’ असं लिहिलं असलं तरी तुपात एकदा फिरवून घ्याव्यातच, कारण कोरड्या भाजणीत तुपाचा थर नसतो.

दूध वेगळ्या जाड बुडाच्या पातेल्यात तापवायचं. पातेलं आधी पाण्यानं विसळलं आणि न पुसताच दूध ओतलं, तर ते बुडाला कमी लागतं. म्हशीचं दूध असेल तर आटवायची फारशी गरज नाही. सांगली-सोलापूर-कोल्हापूर पट्ट्यात पंढरपुरी म्हैस जुनी, आणि तिचं दूध मुळातच दाट. गाईचं दूध मात्र दहा-पंधरा मिनिटं उकळू द्यावं.

उकळत्या दुधात परतलेल्या शेवया घालायच्या. बारीक शेवई चार-पाच मिनिटांत मऊ होते. जाड हातशेवई नुसत्या दुधात रेंगाळते, कारण दुधातली साखर आणि प्रथिनं पाणी धरून ठेवतात, शेवईला मोकळं पाणी कमी मिळतं. अशी शेवई आधी थोड्या उकळत्या पाण्यात अर्धी शिजवून मग दुधात सोडावी.

आता साखर. ती शेवई बोटांत सहज चेपली जाईल इतकी मऊ झाल्यावरच घालायची. ‘साखर पडली की शेवई शिजायची थांबते’ असं जुन्या बायका सांगतात, आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. साखर स्वतः पाण्याला बांधून घेते, त्यामुळे स्टार्च फुगायला जास्त उष्णता लागते. लवकर घातली तर शेवई कचवट राहते. वेळेवर घातली तर तीच साखर शेवईच्या पिण्याला लगाम घालते. साखर विरघळताच खीर पातळ झालेली दिसेल. ते पाहून आणखी आटवायला जाऊ नये. दोन उकळ्या आल्या की गॅस बंद करायचा, आणि तोही खीर आपल्याला हवी त्यापेक्षा पातळ असतानाच. निवताना ती दाट होणारच आहे.

बेदाणा, गूळ आणि नासणारं दूध

सांगलीच्या खिरीत बेदाणा नाही असं होत नाही. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ या तालुक्यांत द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग तेलाच्या पाण्यात बुडवून सावलीतल्या जाळ्यांच्या रॅकवर वाळवतात. त्या पाण्यानं द्राक्षावरचा मेणासारखा थर मोकळा होतो आणि आतली ओल लवकर बाहेर पडते. साधारण ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण पाणी उडताना द्राक्षातलं आम्ल उडत नाही, ते चौपट दाट होऊन बेदाण्यातच राहतं. आंबूस बेदाणा उकळत्या दुधात उकळत ठेवला तर दूध फुटू शकतं. म्हणून तो तुपात फुगेपर्यंत परतावा आणि गॅस बंद केल्यावर घालावा.

गुळाचंही तेच. साखरेच्या मानानं गूळ आंबट असतो, त्यात क्षारही असतात. गार दूध एवढं सहन करतं, उकळतं दूध करत नाही, लगेच त्याचे कण दिसायला लागतात. या भागातली खपली गव्हाची खीर हा प्रश्न सोपा करून टाकते. कांडलेला गहू पाण्यात शिजवायचा, त्यात गूळ, ओलं खोबरं, खसखस, आणि दूध पानात वरून घ्यायचं. शेवयांची गुळाची खीरही याच वाटेनं करावी. शेवया पाण्यात शिजवून त्यात गूळ विरघळवायचा, पातेलं उतरवून कोमट होऊ द्यायचं आणि मग उकळून गार केलेलं दूध घालायचं. त्यानंतर पुन्हा उकळी द्यायची नाही.

वेलदोड्याचा वास उडून जाणाऱ्या तेलात असतो, म्हणून पूड शेवटी घालून लगेच झाकण ठेवायचं. जायफळ मात्र चिमूटभरच आणि ताजं किसलेलं. ते जास्त झालं तर खीर कडवट लागते. केशर असेल तर कोमट दुधात भिजवून घालावं. चारोळ्या, काजू, बदाम ही ज्याची त्याची आवड.

जाड, बारीक आणि मध्ये

धाग्याची जाडी बदलली की पदार्थच बदलतो. लग्नाच्या रुखवतात जाणारं वळवट, म्हणजे गव्हले, मालत्या, नखुल्या, बोटवे, हे शेवईचंच कुटुंब. आकार जाड, म्हणून पिणं संथ. गव्हल्यांची खीर निवांत शिजते आणि दाणा दातांखाली लागतो. हा प्रकार चांगला जुना आहे. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेद ग्रंथात ‘सेविका’ येते, ती पिठाच्या जवाएवढ्या वाती वळून, वाळवून, दुधात शिजवून, तूप-साखर घालून खायची.

दुसऱ्या टोकाला रमजान ईदचा शिरखुर्मा. मिरजेत-सांगलीत ईदला शेजारच्या घरातून येणाऱ्या डब्यात तो असतो. त्याची शेवई केसासारखी बारीक, म्हणजे सगळ्यात वेगानं पिणारी. म्हणून तिथं हिशेब वेगळा. दूध खारीक आणि सुक्या मेव्याबरोबर आधी सावकाश उकळतं, शेवई थोडीच आणि अगदी शेवटी पडते. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिवसभर वाटीतून द्यायचा पदार्थ ओघळताच राहायला हवा.

पंगत आणि दुसरा दिवस

घरच्या चार माणसांची खीर उतरवल्यावर अर्ध्या तासात वाढली तर काही करावं लागत नाही. पंगत मोठी असेल तर शेवई आणि दूध यांची गाठ उशिरा घालावी. शेवया पाण्यात शिजवून, निथळून, थोडं तूप चोळून परातीत पसरून ठेवायच्या. साखर-वेलदोड्याचं आटीव दूध वेगळं गरम ठेवायचं. प्रत्येक पंगतीच्या आधी लागेल तेवढंच एकत्र करायचं. पहिल्या पंगतीला जी खीर मिळते तीच शेवटच्या पंगतीला मिळते. उकडलेल्या शेवयांवर ऐन वेळी गुळवणी आणि दूध घेऊन खाण्याची खेड्यातली पद्धत याच शहाणपणाची.

उरलेली खीर फ्रिजमध्ये घट्ट होते, कारण थंडाव्यात फुगलेला स्टार्च पुन्हा आवळून बसतो. ती तशीच गॅसवर ठेवली तर बुडाला लागते आणि ढवळून शेवया मोडतात. त्याऐवजी अर्धी वाटी दूध वेगळं उकळून खिरीवर ओतावं, पाच मिनिटं झाकावं, मग मंद आचेवर पळीनं खालून वर हलवत गरम करावं. साखर चाखून थोडी वाढवावी, कारण नव्या दुधानं गोडी उतरते. आणि या वेळीही हवी त्यापेक्षा जरा पातळ असतानाच उतरवावी.