पहिल्यांदा ऐकता ऐकता वाजवलेलं

अल्बम बाजारात येतो, लोक ऐकतात आणि मग मतं बनतात, हा नेहमीचा क्रम. बेलफास्टच्या व्हॅन मॉरिसनच्या ‘ॲस्ट्रल वीक्स’मध्ये हा क्रम उलटा आहे. या अल्बमच्या पहिल्या श्रोत्यांची मतं त्याच्या ध्वनिमुद्रणातच ऐकू येतात. इतकं विलक्षण काही मी लोकप्रिय संगीतात दुसरं ऐकलेलं नाही.

तारीख २५ सप्टेंबर १९६८. न्यूयॉर्कच्या सेंच्युरी साउंड स्टुडिओत जमलेले वादक जॅझमधले कसलेले लोक होते. डबल बासवर एरिक डॉल्फीबरोबर वाजवलेला रिचर्ड डेव्हिस, ड्रम्सवर मॉडर्न जॅझ क्वार्टेटचा कॉनी के, गिटारवर चार्ल्स मिंगसच्या ध्वनिमुद्रणात साथ केलेला जे बर्लिनर. गायक २३ वर्षांचा. आदल्याच वर्षी त्याचं ‘ब्राउन आइड गर्ल’ अमेरिकेत पहिल्या दहांत पोचलं होतं, पण या वादकांना त्याचं काही कौतुक नव्हतं. तोही त्यांच्याशी फारसं बोलला नाही. गिटारवर गाणं वाजवून दाखवलं आणि तुम्हाला जे जाणवेल ते वाजवा, असं सांगून टाकलं, अशी आठवण बर्लिनरनं पुढे सांगितली आहे. निर्माता लुईस मेरेन्स्टाईननं हेच वादक जमवले होते, कारण बोस्टनमध्ये मॉरिसनचं शीर्षकगीत पहिल्यांदा ऐकताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते साध्या रॉक वादकांच्या हाती देण्याचं गाणं नव्हे, हे त्याला तिथेच कळलं होतं.

म्हणजे बघा, डेव्हिसचा बास आपण ऐकतो तेव्हा एक थोर वादक एक अनोळखी गाणं कानावर पडत असताना त्याला काय वाटलं, ते ऐकत असतो. रॉकमध्ये बास सहसा ड्रम्सबरोबर खालचा पाया धरून बसतो. इथे तो गायकाला उत्तरं देतो, त्याच्या पुढे पळतो, मध्येच थांबून वाट पाहतो. कॉनी के इतक्या हलक्या हातानं वाजवतो, की ठेका ऐकू येण्याआधी जाणवतो. व्हायोलिनचे थर आणि हार्प्सिकॉर्ड नंतर लॅरी फॅलननं चढवले. मूळ संवाद त्या खोलीत, त्या क्षणी झालेला.

हे शक्य झालं, कारण गाण्यांचा सांगाडा अगदी साधा आहे. ‘मॅडम जॉर्ज’ जवळजवळ दहा मिनिटं चालतं आणि ते तीन-चार कॉर्ड्सच्या फेऱ्यांवर उभं आहे. मॉरिसन एखादा शब्द धरतो आणि तो पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या वजनानं म्हणत राहतो, इतका की अर्थ मागे पडून नुसता नाद उरतो. ख्याल ऐकणाऱ्याला हे नवं वाटणार नाही. दोन ओळींची बंदिश तासभर पुरते, ती बोलांच्या अशाच उलगडण्यामुळे.

आणि इथेच श्रोत्यांचं भांडण सुरू होतं. मॅडम जॉर्ज कोण? अमेरिकन समीक्षक लेस्टर बँग्सला ती स्त्रीवेशातला एकाकी पुरुष वाटली. मॉरिसननं तो अर्थ नाकारला. ही गाणी आत्मचरित्र नाहीत, कल्पित कथा आहेत, असं तो सांगत आला आहे. तरीही ऐकणाऱ्यांना त्यांत खरं बेलफास्ट दिसतं, आणि त्यात त्यांची चूक नाही. गाण्यांतली झाडांनी भरलेली सायप्रस ॲव्हेन्यू तिथे खरोखर आहे. गोदी कामगारांच्या वस्तीतल्या हिंडफर्ड स्ट्रीटवरच्या ज्या छोट्या घरात मॉरिसन वाढला, तिथून ती फार लांब नाही. गोदीत वीजतंत्री असलेल्या त्याच्या वडिलांकडे अमेरिकन ब्लूज आणि जॅझच्या रेकॉर्ड्सचा मोठा साठा होता. त्यामुळे न्यूयॉर्कच्या त्या वादकांची भाषा या पोराच्या कानात लहानपणापासून होती.

काही श्रोत्यांना या अल्बममध्ये हरवलेलं शहर ऐकू येतं. तारखा पाहिल्या की ते पटतं. ५ ऑक्टोबर १९६८ला डेरीमध्ये नागरी हक्कांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि उत्तर आयर्लंडच्या तीस वर्षांच्या रक्तपाताची सुरुवात अनेक जण तिथून मोजतात. अल्बमचं शेवटचं ध्वनिमुद्रण १५ ऑक्टोबरचं. गाण्यांत या घटनेचा एक शब्दही नाही. पण पुढच्या पिढीनं ती ऐकली, तेव्हा त्यांतले रस्ते बॉम्ब आणि तपासणी नाक्यांच्या आधीचे होते.

नोव्हेंबरमध्ये अल्बम आला आणि जवळजवळ कोणीच विकत घेतला नाही. ब्रिटनच्या ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’नं तो मोडीत काढला. अमेरिकेत समीक्षक ग्रील मार्कसनं मात्र तो तेव्हाच उचलून धरला. बँग्सला तो विशीच्या उंबरठ्यावर, मन पार मोडलेलं असताना सापडला. एकाकी बेटावर एकच अल्बम न्यायचा तर कोणता, असा प्रश्न समीक्षकांना विचारणारं ‘स्ट्रँडेड’ हे पुस्तक १९७९मध्ये निघालं, त्यातल्या आपल्या निबंधासाठी त्यानं हाच निवडला. तो निबंध वाचून अल्बमकडे आलेले श्रोते अजूनही भेटतात. १९९५मध्ये ‘मोजो’नं आजवरच्या उत्तम अल्बम्सची यादी केली, तेव्हा हा दुसरा आला. अमेरिकेत पाच लाख प्रतींसाठी मिळणारा सुवर्ण दर्जा मिळायला २००१ साल उजाडलं.

न आवडणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. सगळी गाणी एकाच वाफेत भिजल्यासारखी वाटतात, चाल हाताला लागत नाही, अशी तक्रार असते. शेवटचं ‘स्लिम स्लो स्लायडर’ तर चालता चालता तुटतं. वादक पुढे बराच वेळ वाजवत होते, तो भाग संकलनात कापला गेला. कोणाला तो घाव वाटतो, कोणाला एकमेव शक्य शेवट. मला दुसरं मत पटतं. आजारी, हातातून निसटत चाललेल्या मुलीचं ते गाणं रीतसर संपलं असतं तर खोटं वाटलं असतं.

सत्तेचाळीस मिनिटं काढा आणि पहिल्यांदा ऐकताना गीतांचे शब्द समोर ठेवू नका. दुसऱ्या वेळी गायकाला सोडून फक्त रिचर्ड डेव्हिसच्या बासमागे जा.