पत्रे येतात, पण जात नाहीत

तालुक्याच्या गावातील ज्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळावर मी गेली काही वर्षे काम करीत आहे, तेथील ग्रंथपाल बाईंचा एके दिवशी सकाळीच फोन आला. "सर, नव्या कॉम्प्युटरवर ई-मेल जोडून घेतला. पत्रं येतात, पण आपलं एकही पत्र जात नाही. पासवर्ड चार वेळा घालून पाहिला." अनुदानाच्या प्रस्तावावर निघालेल्या शंकांचे उत्तर त्याच दिवशी जिल्ह्याच्या कार्यालयाकडे रवाना व्हावयाचे होते, आणि बाईंच्या स्वरातील व्याकुळता मला सर्वथा योग्य वाटली, कारण संस्थेचा पत्रव्यवहार अडला की तिची वाचाच गेल्यासारखे होते.

बाईंच्या त्या वाक्यांत निम्मे निदान होऊन गेले होते. जुन्या दफ्तरात ज्याने बारनिशी सांभाळली आहे, त्याला आवक आणि जावक यांच्या वह्या निराळ्या असतात व एकीतील चूक दुसरीत धुंडाळून सापडत नाही, हे सांगावे लागत नाही. थंडरबर्ड, आउटलुक किंवा तत्सम प्रोग्रॅममध्ये आपण एक खाते जोडतो असे आपल्याला वाटते. वस्तुतः आलेली पत्रे आणून देणारा सर्व्हर एक, आपली पत्रे घेऊन जाणारा दुसरा, आणि दोहोंचा पत्ता, दोहोंचे दार, दोहोंपुढे ओळख पटविण्याची रीत ही सर्व स्वतंत्रपणे भरावी लागते. ज्या अर्थी पत्रे येत होती, त्या अर्थी इंटरनेट चालू होते आणि पासवर्डही खरा होता. तेव्हा तोच पासवर्ड पाचव्यांदा घालण्यात काहीच हशील नव्हते.

ही फारकत कोठून आली, हे जाणून घेतल्यावाचून ती मनावर ठसत नाही. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली अमेरिकेतील केंब्रिज येथे एका संगणकावरून शेजारच्याच दुसऱ्या संगणकावर पत्र धाडले आणि माणसाचे नाव व त्याचे ठिकाण यांच्यामध्ये ते सर्वपरिचित 'अ‍ॅट'चे चिन्ह बसविले. पुढे १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी पत्र पोचविण्याची जी नियमावली लिहिली, तीच एसएमटीपी या नावाने आजही जावकीचा कारभार चालविते. त्या काळी या जाळ्यावर वावरणारी मंडळी थोडी आणि बहुधा परस्परांच्या विश्वासातील असल्यामुळे, रस्त्यावरच्या टपालपेटीत पत्र टाकणाऱ्याला जसे कोणी नाव विचारीत नाही, तसे पत्र पाठविणाऱ्याला ओळख विचारण्याची तरतूदच त्या नियमांत नव्हती. या मोकळेपणाचा लाभ उठवून परक्याच्या सर्व्हरमधून लक्षावधी निरर्थक पत्रे सोडली जाऊ लागली, तेव्हा ओळख पटविण्याची पुरवणी १९९९ मध्ये जोडण्यात आली. म्हणून अजूनही जावक सर्व्हरच्या सेटिंगमध्ये 'प्रमाणीकरण नाही' हा पर्याय शिल्लक दिसतो, आणि तो निवडलेला राहिला तर आजचा सर्व्हर पत्र पुढे नेण्यास साफ नकार देतो.

आमच्या ग्रंथालयात नेमके हेच घडले होते. टेबलाच्या खणात चिकटविलेल्या एका जुन्या चिठ्ठीवरून सर्व रकाने भरण्यात आले होते. तीत जावकीचे पोर्ट २५ लिहिलेले होते आणि प्रमाणीकरणाचा उल्लेखही नव्हता. पोर्ट म्हणजे एकाच इमारतीचे क्रमांक घातलेले दार समजावे. २५ क्रमांकाचे दार सर्व्हरांनी आपापसांत वापरावयाचे असून, घरगुती जोडण्यांवरून तेथे जाण्याची वाट इंटरनेट पुरविणाऱ्या पुष्कळ कंपन्या बंद ठेवतात. ग्राहकाने ४६५ किंवा ५८७ या दाराने जावे. ४६५ वर पहिल्या अक्षरापासूनच संभाषण लखोट्यात बंद असते. ५८७ वर आरंभी उघड बोलणे होऊन मग लखोटा मिटविला जातो. आवकीचे मोहोरबंद दार आयमॅपसाठी ९९३ आणि पॉपसाठी ९९५. दाराचा क्रमांक आणि लखोट्याची रीत यांचा मेळ बसला नाही, तर दोन्ही पक्ष परस्परांच्या बोलण्याची वाट पाहत थांबतात आणि पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते.

या फिरणाऱ्या चक्रावरून मला जे सर्वांत निकडीने सांगावयाचे आहे ते असे की, प्रोग्रॅम अडला म्हणजे प्रथम त्याच्या अडण्याची जात ओळखावी. तो गप्प राहिला, बऱ्याच वेळाने 'वेळ संपली' असे म्हणाला, तर आपण अजून कचेरीपर्यंत पोचलेलोच नाही: सर्व्हरच्या नावात एखादे अक्षर चुकले असेल, दाराचा क्रमांक चुकला असेल, किंवा फायरवॉलने अथवा अँटिव्हायरसने वाटेतच अडविले असेल, येथे पासवर्डला हात लावू नये. उलट त्याने तत्काळ नकार दिला, तर दार सापडले आहे, पत्ता खरा आहे, आणि हरकत केवळ ओळखीला आहे. अशा वेळी ब्राउझरमधून त्याच सेवेच्या पानावर जाऊन त्याच नावाने व पासवर्डाने आत शिरून पाहावे. तेथे प्रवेश मिळाला, तर खाते जिवंत आहे याची रुजवात झाली आणि दोष प्रोग्रॅममधील नोंदीत आहे. वापरकर्त्याचे नाव म्हणून काही सर्व्हर संपूर्ण पत्ता मागतात, काही केवळ पहिला भाग. पासवर्ड दुसरीकडून उचलून चिकटविताना शेवटी एक रिकामी जागा चिकटून येते. आणि आपणां मराठी लिहिणाऱ्यांच्या बाबतीत एक चूक विशेष संभवते: कळफलक देवनागरीवर राहून जातो, पासवर्डाच्या रकान्यात सारे ठिपके सारखेच दिसतात, आणि आपण विश्वासाने भलतीच अक्षरे टंकीत राहतो. पासवर्ड आधी साध्या कोऱ्या पानावर टंकून डोळ्यांनी पाहावा आणि मग ते पान पुसून टाकावे.

तिसरी जात शंकेची. सर्व्हरही आपली ओळख एका प्रमाणपत्राने देतो, त्या दाखल्याला आरंभाची व अखेरची तारीख असते, आणि प्रोग्रॅम ती संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. जुन्या यंत्रातील नाण्याएवढा सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते आणि बिनतक्रार दाखलाही अवैध ठरतो. 'अपवाद म्हणून मान्य करा' हे बटण दाबण्यापूर्वी तारीख पाहावी. ती बरोबर असूनही शंका उरली, तर सेवा पुरविणाऱ्याला विचारल्यावाचून ते बटण दाबू नये, कारण लखोटा परक्याच्या हाती देण्याचा तो परवाना असतो.

अलीकडच्या काळात मात्र पासवर्ड अक्षरशः खरा असूनही नकार मिळण्याचे एक निराळेच कारण उत्पन्न झाले आहे. ३० मे २०२२ पासून गूगलने, केवळ नाव व पासवर्ड घेऊन बाहेरच्या प्रोग्रॅमला वैयक्तिक खात्यात शिरू देण्याची सवलत काढून घेतली. मायक्रोसॉफ्टने आपल्या वैयक्तिक आउटलुक खात्यांना तसाच नियम १६ सप्टेंबर २०२४ पासून लावला. आता प्रोग्रॅम सेवेचीच खिडकी उघडतो, आपण तेथे ओळख पटवून संमती देतो, आणि प्रोग्रॅमच्या हाती पासवर्ड न पडता एक मुखत्यारपत्र पडते, जे आपण हवे तेव्हा रद्द करू शकतो. थंडरबर्डमध्ये प्रमाणीकरणाच्या रकान्यात 'ओ-ऑथ २' निवडणे म्हणजे हीच रीत पत्करणे होय. ज्या जुन्या प्रोग्रॅमला ती ठाऊकच नाही, त्याच्यासाठी गूगलच्या खात्यात द्विस्तरीय पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा निराळा अ‍ॅप-पासवर्ड काढता येतो. या बदलाने अनेक वृद्ध गृहस्थांना आपली स्मरणशक्तीच दगा देते आहे असे वाटले, याचे मला फार वाईट वाटते. त्यांचा पासवर्ड खरा होता, नियम बदलला होता.

बाईंचे पत्र दुपारपर्यंत गेले. परंतु नंतर त्या म्हणाल्या की नव्या संगणकावर केवळ गेल्या दोन आठवड्यांची पत्रे दिसतात, आणि माझ्या काळजात धस्स झाले. जुन्या यंत्रावर खाते पॉप पद्धतीने जोडलेले होते. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा टेलिफोन लावून, पत्रे उतरवून घेऊन, सर्व्हरवरील प्रत पुसून फोन ठेवून देण्याची ही रीत शहाणपणाची होती, कारण मिनिटामिनिटाचे पैसे पडत. १९८६ मध्ये मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्ड येथे आखलेल्या आयमॅपमध्ये मूळ दफ्तर सर्व्हरवरच राहते आणि प्रत्येक यंत्र त्याचे दर्शन तेवढे घडविते. म्हणून आयमॅपचे खाते काढून पुन्हा जोडले तरी सर्व्हरवरच्या पत्रांना बाधा येत नाही. पॉपचे खाते त्यातील मजकुरासह काढले, तर पत्रे कायमची जातात. 'खाते काढा आणि पुन्हा घाला' हा सल्ला जो तो देतो. आपले खाते कोणत्या पद्धतीचे आहे हे पाहिल्याखेरीज तो अमलात आणू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ग्रंथालयाची दहा वर्षांची पत्रे, देणगीदारांची, लेखकांची, शासनाची, त्या एकाच जुन्या यंत्रात होती, आणि ते यंत्र भंगारात द्यावयाचे म्हणून जिन्याखाली ठेवलेले होते. आम्ही ते वर आणले, थंडरबर्डचे संपूर्ण प्रोफाइल फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरविले, नव्या संगणकावर ते उघडून एकेका वर्षाची पत्रे आयमॅपच्या फोल्डरांत ओढून नेली. या कामाला दोन दुपारी लागल्या. खणातली जुनी चिठ्ठी काढून बाईंनी तेथे नवी लावली आहे: वर आवक, खाली जावक, प्रत्येकापुढे सर्व्हरचे नाव, दाराचा क्रमांक, लखोट्याची रीत, आणि कोपऱ्यात ती लिहिल्याची तारीख. पासवर्ड तीत लिहिलेला नाही.