खेळातून विज्ञान : प्राथमिक वर्गातील अध्यापनाचा विचार

प्रस्तावना

तरसाली हा वडोदरा शहराच्या दक्षिणेकडील भाग. मकरपुऱ्याची औद्योगिक वसाहत येथून जवळच आहे. अशा वस्तीतील प्राथमिक वर्गात गुजराती, मराठी, हिंदी व उर्दू बोलणाऱ्या घरांतील मुले शेजारी शेजारी बसलेली आढळतात. त्यांची घरची भाषा वेगळी असली तरी खेळ मात्र बहुधा एकच असतो. म्हणूनच विज्ञानाचे पहिले धडे खेळातून द्यावेत, हा विचार अशा वर्गांना विशेष उपयोगी ठरतो.

तथापि प्रत्यक्षात खेळ आणि विज्ञान यांची फारकतच दिसते. खेळ शनिवारी करमणूक म्हणून घेतला जातो आणि सोमवारी पाठ्यपुस्तकातील व्याख्या पाठ करून घेतली जाते. खेळ झाला म्हणजे विज्ञान शिकवून झाले, असे होत नाही. खेळ मध्येच थांबवून त्यातील एकच गोष्ट बदलणे, काय होईल याचा अंदाज बांधणे आणि जे घडले ते मुलांनी स्वतःच्या शब्दांत सांगणे, या तीन पायऱ्यांनीच खेळाचे विज्ञान होते. प्राथमिक शिक्षक घडविण्याच्या कामाशी संबंध असलेल्या अध्यापकांसाठी या तीन पायऱ्यांचे विवेचन येथे केले आहे.

पूर्वपीठिका

हा विचार या प्रदेशाला नवा नाही. बडोदे संस्थानात महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर लागू केला. मूल शाळेत आणण्याचा प्रश्न अशा रीतीने हाती घेतला गेला. आलेल्या मुलाला कसे शिकवावे, या प्रश्नाचे उत्तर भावनगरात गिजुभाई बधेका शोधत होते. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांच्या कार्यात सामील झाल्या. पुढे महाराष्ट्रात परतल्यावर ताराबाईंनी आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे काम उभे केले. महागड्या परदेशी साधनांऐवजी तेथे खडे, शंख-शिंपले, पाने, बिया हीच शैक्षणिक साधने झाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात गेली.

विज्ञानापुरते पाहिले तर १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यात सुरू झालेला विज्ञान शिक्षण कार्यक्रम महत्त्वाचा आहे. तो सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी होता व २००२ मध्ये बंद करण्यात आला. याच परिसरात अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब यांपासून आकृत्या करण्याची युक्ती पुढे आणली. नंतर पुण्याच्या आयुका संस्थेतील मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंतून अशी असंख्य खेळणी तयार केली.

शिक्षण हक्क अधिनियम, २००९ मध्येही कृती, शोध आणि अन्वेषण यांतून अध्ययन व्हावे असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा खेळाला वेळ देणे ही शिक्षकाची हौस नसून त्याचे कर्तव्यच आहे.

खेळ पहिला : सावली पकड

एकमेकांच्या सावलीवर पाय देण्याचा हा खेळ सर्वांना परिचित आहे. तो सकाळी शाळा भरताना एकदा व दुपारी एकदा खेळवावा. येथे बदललेली गोष्ट एकच, ती म्हणजे वेळ. सकाळी गडी चटकन बाद होतात, दुपारी सावली पायाशी गोळा झाल्यामुळे बाद करणे कठीण जाते. 'खेळ आता अवघड का झाला?' एवढाच प्रश्न शिक्षकाने विचारावा व थांबावे.

यानंतर मैदानात एक काठी सरळ उभी करून तिच्या सावलीचे टोक दर पंधरा मिनिटांनी खडूने नोंदवावे. सर्वांत लहान सावली ठीक बारा वाजता पडेल, असे मुलांप्रमाणे शिक्षकांनाही वाटत असते. पण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि वडोदरा सुमारे ७३.२ अंशांवर आहे. दर अंशाला ४ मिनिटे या हिशेबाने येथील खरी माध्यान्ह सरासरी ३७ मिनिटे उशिरा, म्हणजे ऋतुमानाप्रमाणे १२.२० ते १२.५० च्या दरम्यान येते. रेखांशाचे हे गणित चौथीच्या मुलाला सांगण्याची गरज नाही. मात्र 'घड्याळ काहीही म्हणो, सावलीची खूण काय सांगते?' हा प्रश्न त्याला नक्कीच विचारावा. पुस्तकापेक्षा निरीक्षणावर विसंबण्याची सवय येथूनच लागते.

वर्षातील बहुतेक दिवस ही माध्यान्हीची सावली उत्तरेकडे पडते. कर्कवृत्त तरसालीच्या उत्तरेस सुमारे १३० किलोमीटरवरून जात असल्यामुळे जूनचा पहिला आठवडा आणि जुलैचा पूर्वार्ध यांत एकेक दिवस असा येतो की काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते. पहिला दिवस उन्हाळी सुटीत येतो व दुसरा पावसाळ्यात. म्हणून सुटीतील निरीक्षण गृहपाठ म्हणून द्यावे.

खेळ दुसरा : काड्यांचे सांगाडे

व्हॉल्व्ह ट्यूबचे दीड सेंटिमीटरचे तुकडे करून त्यांत गूल काढून टाकलेल्या आगकाड्या खोचाव्यात. गूल शिक्षकाने आधीच खरवडून काढावे. एका गटाने तीन काड्यांचा त्रिकोण व दुसऱ्या गटाने चार काड्यांचा चौकोन करावा. दोन्ही आकृत्या बोटांनी दाबून पाहाव्यात. चौकोन कलंडतो, त्रिकोण मात्र आपला आकार सोडत नाही. 'चौकोन पक्का करायचा तर काय करावे?' असे विचारताच एखादे मूल त्यात तिरपी काडी बसवू पाहते. ती काडी इतरांपेक्षा लांब लागते, हाही एक शोधच असतो. नंतर मुलांना कारखान्यांच्या छपराखालील कैच्या आणि विजेचे मनोरे पाहून त्यांतील त्रिकोण मोजून आणण्यास सांगावे. आपल्या पालकांच्या कामाच्या जागीही विज्ञान आहे, ही जाणीव त्यांना त्यातून होते.

खेळ तिसरा : हस्तांदोलन

एका मुलाच्या तळहाताला खडूची पूड लावून सर्वांनी एकमेकांशी हस्तांदोलन करावे व शेवटी पूड कोठवर पोहोचली ते पाहावे. न दिसणारे जंतू कसे पसरतात, हे यातून ध्यानात येते. मात्र पूड हातागणिक कमी होत जाते, तर जंतू शरीरात वाढतात. हा फरक शिक्षकाने सांगितलाच पाहिजे, नाहीतर खेळातूनच चुकीची समजूत रुजते. खेळ ही खऱ्या घटनेची प्रतिकृती असते, हे भान सुटू नये.

भाषेचा प्रश्न

खेळात मागे न राहणारे मूल पाठ सुरू होताच गप्प होते. याचे कारण अनेकदा विज्ञान नसून भाषा असते. मराठी घरातील मूल 'सावली' म्हणते, गुजराती घरातील 'पडछायो', तर उर्दू बोलणारे 'साया' किंवा 'परछाईं'. खेळानंतर हे सर्व शब्द फळ्यावर लिहून घ्यावेत आणि वर्गाच्या माध्यमातील शब्द त्यांच्या शेवटी लिहावा. आधी अनुभव, मग घरचा शब्द, नंतर पुस्तकातील शब्द हा क्रम ठेवल्यास संज्ञा केवळ घोकण्याची बाब राहत नाही. हा क्रम उलटला की भाषेत कच्चे असलेले मूल विज्ञानातही कच्चे ठरविले जाते. हा त्याच्यावर अन्याय होय.

अध्यापकांसाठी काही सूचना

१. एका तासाला एकच खेळ व एकच प्रश्न घ्यावा. खेळास पंधरा मिनिटे दिली तर चर्चेस किमान तेवढीच द्यावीत.

२. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्यास कारण कोणते हे कळत नाही.

३. हार-जीत गौण ठेवावी. बाद झालेल्या मुलांकडे नोंदी ठेवण्याचे काम द्यावे, म्हणजे कोणीही रिकामे राहत नाही.

४. मूल्यमापन करताना अंदाज बरोबर आला का, एवढेच पाहू नये. अंदाज चुकल्यावर मुलाने काय कारण दिले तेही टिपावे.

५. प्रशिक्षणार्थींनी प्रत्येक खेळ आधी स्वतः खेळून पाहावा.

समारोप

खेळामुळे वर्गात गलबला होतो व अभ्यासक्रम मागे पडतो, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. प्रश्नावाचून घेतलेल्या खेळात वेळ खरोखरच वाया जातो. पण एका काठीची सावली आठवडाभर नोंदवलेल्या मुलाला दिवस, दिशा व ऋतू यांचे पाठ वेगळे समजावून द्यावे लागत नाहीत. या साऱ्याला काठी, खडू, आगकाड्या व सायकलच्या दुकानातील व्हॉल्व्ह ट्यूब एवढेच साहित्य लागते. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेलाही ते परवडते. शिक्षकाला मात्र योग्य क्षणी खेळ थांबवून प्रश्न विचारता आला पाहिजे आणि उत्तर स्वतः न सांगता वाट पाहता आली पाहिजे. प्रशिक्षणाचा अधिकाधिक वेळ या सरावासाठी द्यावा.