१९१४ नंबरची नोंद

साताऱ्यात राजवाड्यापाशी गाडी थांबते तेव्हा मुलं आधी अजिंक्यताऱ्याकडे बघतात, मग भेळेच्या गाड्यांकडे. मी त्यांना समोरच्या जुन्या वाड्याकडे वळवते. आज ७ नोव्हेंबर. रिहे खोऱ्यातून पहाटे अंधारात निघालोय. खंबाटकीच्या घाटात दोघांना ओकाऱ्या झाल्या, पण आता सगळे ताजेतवाने आहेत.

हा छत्रपती प्रतापसिंह महाराजांचा जुना राजवाडा. इंग्रजांनी महाराजांना १८३९ मध्ये गादीवरून काढून काशीला पाठवलं आणि १८४७ मध्ये ते तिकडेच वारले. त्यांच्या वाड्यात पुढे सरकारी हायस्कूल भरू लागलं. आज त्या शाळेला त्यांचंच नाव आहे, प्रतापसिंह हायस्कूल. मुलं उंबऱ्याशी थबकतात. राजवाडा म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर सिंहासन असतं आणि इथे तर वर्ग आहेत, बाकं आहेत, फळा आहे.

आत आजच्या दिवसासाठी लावलेला फलक आहे. त्यावर शाळेच्या जुन्या रजिस्टरातल्या एका पानाचा फोटो मोठा करून छापलाय. मुलं त्याला बिलगतात. मागची मुलं पुढच्यांच्या खांद्यावरून माना काढतात.

"बाई, हे कुणाचं नाव?"

"वाच की."

तो एकेक अक्षर लावत वाचतो. भिवा रामजी आंबेडकर. अनुक्रमांक १९१४. इयत्ता इंग्रजी पहिली. तारीख ७ नोव्हेंबर १९००.

"बाई, आजचीच तारीख!"

हो, आजचीच. म्हणून तर आलोय. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. मुलांना हे वर्गात सांगितलं होतं, पण पानावरची तारीख आणि आजची तारीख जुळताना पाहिल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं, ते वर्गात आलं नव्हतं. दोन मुली बोटांवर वर्षं मोजायला लागतात.

आमच्याकडे खोऱ्यात कुठल्याही नव्या वर्गखोलीची, समाजमंदिराची कोनशिला वाचा. कुणाच्या शुभहस्ते, कुणाच्या अध्यक्षतेखाली, कुणाच्या प्रमुख उपस्थितीत. काळ्या ग्रॅनाइटवर पिवळ्या अक्षरांत दहा-बारा नावं असतात. ज्यांच्यासाठी ती खोली बांधली, त्यातल्या एकाचंही नाव तिथे नसतं. मला ते मनापासून खटकतं. इमारतीला मोठेपण येतं ते तिच्या जमिनीवर बसून शिकलेल्यांमुळे. इथे राजाच्या वाड्यात एका नऊ वर्षांच्या पोराची नोंद मोठी करून लावली आहे, आणि माझ्या मते कुठल्याही सार्वजनिक इमारतीच्या भिंतीवर आधी असं काहीतरी हवं.

"बाई, भीमराव का नाही लिहिलं?"

"तेव्हा घरात त्यांना भिवाच म्हणायचे."

"मग आई हाक मारताना पण भिवाच?"

आई भीमाबाई त्याआधीच, १८९६ मध्ये, याच साताऱ्यात वारल्या होत्या. हे सांगताना माझा आवाज उतरतो. विचारणारा मुलगा काही बोलत नाही, पानाकडे बघत राहतो. वडील, सुभेदार रामजी, नोकरीसाठी गोरेगावला असायचे, खटाव तालुक्यात.

मग मी त्यांना अंगणात एका बाजूला बसवते. इथपर्यंत आणलंय तर ती गोष्ट इथेच सांगायला हवी. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. वर्गात ते इतर मुलांमध्ये बसू शकत नसत. कोपऱ्यात एकटं बसायचं, तेही घरून आणलेल्या गोणपाटावर. शाळा सुटली की तो गोणपाट गुंडाळून परत न्यायचा, कारण शाळा झाडणारा गडी त्याला हात लावायचा नाही. तहान लागली तर नळाला शिवायचं नाही. मास्तरांची परवानगी मिळाली तरी पुरत नसे, शिपायाने येऊन नळ सोडायला लागायचा.

"आणि शिपाई सुट्टीवर असला तर?"

विचारणारी पाचवीतली आहे. तिने पाण्याची बाटली मांडीवर धरली आहे, झाकण हातात आहे.

"तर पाणी नाही."

"दिवसभर?"

"घरी जाईपर्यंत."

ती झाकण लावते. पाणी पीत नाही. शेजारचा मुलगा रागाने विचारतो, मग त्यांनी शाळा सोडली का नाही? मला या प्रश्नाचं पटकन उत्तर देववत नाही. नाही सोडली, एवढंच सांगते. १९०४ पर्यंत इथे शिकले, नंतर कुटुंब मुंबईला गेलं, तिथे एल्फिन्स्टन हायस्कुलात नाव घातलं, १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. पुढे न्यूयॉर्क, लंडन. संविधान मुलांना ठाऊक आहे, ते मी सांगत बसत नाही. आज मला त्यांना एवढंच दाखवायचंय, की त्या सगळ्याच्या आधी एका रजिस्टरातली एक ओळ होती, आणि ती ओळ इथली आहे.

जरा मोकळीक दिल्यावर निम्मी पोरं गोलबागेकडे पळतात. बाकीची पुन्हा फलकापाशी जातात. मघाशी रागावलेला मुलगा वहीत ती नोंद उतरवून घेतोय. आकडा, नाव, इयत्ता, तारीख. रकानेसुद्धा पट्टीने आखलेत. मग वर बघतो.

"बाई, आपल्या शाळेत पण असं रजिस्टर असतं?"

"असतंच. जनरल रजिस्टर. तू पहिलीत आलास तेव्हा तुझंही नाव त्यात चढवलंय."

"माझा नंबर किती?"

मला आठवत नाही. कपाटात आहे, कापडी बांधणीचं, त्याच्या आजोबांचंही नाव त्यात सापडेल असं मी सांगते. हे ऐकल्याबरोबर सगळे भोवती जमतात. माझा किती, बाई? माझ्या पप्पांचा? आमच्या आजीचं नाव असेल का, ती दुसरीपर्यंत होती. पाण्याची बाटलीवाली मुलगी हळूच विचारते, आई दुसऱ्या गावची आहे, तर तिचा नंबर कुठे बघायचा?

मी वहीचं मागचं पान फाडते आणि नावं लिहून घ्यायला लागते. सोमवारी शाळा उघडली की पहिल्या तासाला रजिस्टर काढायचं ठरतं. ड्रायव्हरकाका रस्त्यावरून हॉर्न वाजवताहेत, पण यादी अजून अर्धीच झाली आहे.