कुत्र्याला कर्करोगाचे औषध जास्त गेले तर...

हदगाव तालुक्यात कुत्रा नसलेला आखाडा शोधावाच लागेल. यातील बऱ्याच कुत्र्यांना गुप्तांगावर फुलकोबीच्या गड्ड्यासारखी लाल, रक्त गळणारी गाठ येते. मालक सांगतो, "डॉक्टरसाहेब, लघवीतून रक्त पडतंय." प्रत्यक्षात तो एका कुत्र्यापासून दुसऱ्याला लागणारा कर्करोग असतो. समागमाच्या वेळी रोगट पेशीच दुसऱ्या कुत्र्याच्या अंगात जाऊन रुजतात. रशियातील पशुवैद्य नोविन्स्की यांनी १८७६ साली अशी गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवली होती. माणसाला हा रोग होत नाही, तेव्हा भिऊन कुत्र्याला रानात सोडून देऊ नये.

यावर व्हिन्क्रिस्टिन हे औषध उत्तम लागू पडते. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून ते काढतात. आठवड्याला एक अशा चार-सहा सुया शिरेतून दिल्या की बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. मात्र हे औषध हिशोबाला फार कडक आहे. त्यात चूक झाली तर काय होते, हे सांगताना दुसऱ्याचे उदाहरण कशाला? माझेच सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका आखाड्यावरचा मोती नावाचा कुत्रा माझ्याकडे आणला होता. वजन चौदा किलो. किलोला ०.०२५ मिलिग्रॅम या हिशोबाने त्याला ०.३५ मिलिग्रॅम, म्हणजे एक सीसीच्या बाटलीतले जेमतेम तिसरा हिस्सा औषध हवे होते. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती. दारात गाभडलेली म्हैस उभी होती. मी पूर्ण बाटली सिरिंजमध्ये ओढली आणि देऊन मोकळा झालो. संध्याकाळी रजिस्टर लिहिताना '१ मिलिग्रॅम' हा आकडा हातून उमटला आणि अंगाला घाम फुटला. जवळजवळ तिप्पट औषध गेले होते.

त्या रात्री दोन गोष्टी मनात आल्या. एक, गप्प बसावे. कुत्रे मेले तर रोगाने मेले असेच मालक समजेल. दुसरी, मोटारसायकल काढावी. मी आखाड्यावर गेलो आणि म्हाताऱ्या मालकाला सरळ सांगितले. ते थोडा वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आता काय करायचं ते सांगा."

व्हिन्क्रिस्टिनवर उतारा नाही. सलाईन लावून ते धुऊन निघेल ही समजूतही चुकीची. ते यकृतातून, पित्तावाटे, आपल्या गतीनेच बाहेर पडते. आपल्या हाती असते ते दिवस मोजणे आणि त्या त्या दिवसाचा धोका सांभाळणे.

पहिले दोन-तीन दिवस पोटाचे. मोतीने अन्न सोडले, ओकाऱ्या केल्या, आतड्याची हालचाल मंदावून पोट फुगले. ओकारी थांबवणारी सुई आणि सलाईन यावर ते दिवस काढले. याच काळात मागचे पाय लटपटतात का, झटके येतात का, हे पाहावे लागते; औषध मज्जातंतूंवरही चालते. मालकाला एक बजावून ठेवले होते : गोचिडांसाठी आयव्हरमेक्टिनची सुई या दिवसांत कोणाकडूनही देऊ नका. त्याने व्हिन्क्रिस्टिनचा मज्जातंतूंवरचा त्रास वाढू शकतो. बुरशीवरच्या किटोकोनाझोलसारख्या गोळ्याही तशाच वाईट.

तिसऱ्या दिवशी मोती उठून शेपूट हलवू लागला. मालक खूश झाले. फसवणारा दिवस हाच! या औषधाने हाडांच्या मगजात पांढऱ्या पेशी तयार होणे थांबते आणि त्याचा तळ साधारण चौथ्या ते नवव्या दिवसांत लागतो. कुत्रे वरून बरे दिसत असते आणि आत जंतूंशी लढणारे कोणी उरलेले नसते. पाचव्या दिवशी मी रक्त घेऊन माणसांच्या लॅबवाल्याकडे गेलो आणि विनवणी करून मोजणी करून घेतली. पांढऱ्या पेशी अकराशे. निरोगी कुत्र्यात त्या सहा हजारांच्या खाली सहसा जात नाहीत. ताप नसतानाही लगेच प्रतिजैविके चालू केली आणि पेशी वाढवणारी फिलग्रास्टिमची सुई नांदेडहून थंड डब्यातून मागवली. ती माणसांसाठीची, महागडी. तिचे पैसे अर्थातच मी भरले.

घरच्यांकडे काम होते थर्मामीटरचे. सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातून तापमान घ्यायचे आणि १०३ अंशांच्या वर गेले तर रात्र असली तरी बोलावायचे. ताप दिसला म्हणून घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी कुत्र्याला कधीही घालू नये. मोतीला इतर कुत्र्यांपासून वेगळे, कोरड्या जागी बांधले. सुई दिल्यापासून तीन दिवस त्याची विष्ठा, लघवी, ओकारी हातमोजे घालूनच उचलायची. लेकरांना आणि गरोदर सुनेला जवळ जाऊ द्यायचे नाही, हेही सांगितले होते.

सातव्या रात्री ताप १०४ वर गेला. शिरेतून प्रतिजैविके देत पहाटेपर्यंत मी तिथेच होतो. दहाव्या दिवशी पेशी सात हजारांवर आल्या आणि मोतीने दूध-भाकरी खाल्ली.

हेच औषध शिरेबाहेर सांडले तर कातडी सडते. तेव्हा सुई लगेच उपसू नये. तिच्यातूनच जमेल तितके औषध परत ओढून घ्यावे आणि कोमट शेक द्यावा. बर्फ लावण्याची आपली सवय इथे उलटी पडते.

कर्करोगाची औषधे आता घरोघरी येऊ लागली आहेत. संधिवाताला आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्झेटची गोळी त्यातलीच. कुत्र्याने अशा गोळ्या खाल्ल्या तर मिठाचे पाणी पाजू नये. तास-दोन तासांच्या आत पाकीट घेऊन पशुवैद्यकाकडे जावे. मेथोट्रेक्झेटवर फोलिनिक ॲसिडचा उतारा आहे, पण तो लवकर मिळाला तरच. फ्लोरोयुरासिलच्या मलमाची ट्यूब चघळलेले कुत्रे तर काही तासांत झटके येऊन दगावू शकते. तालुक्याला सोय नसेल तर परभणी व उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत.

मोतीची पुढची सुई मी तीन आठवड्यांनी, रक्त तपासूनच दिली. त्या दिवशी मालकांनी त्याला पोत्यात बसवून कापसाच्या काट्यावर आधीच तोलून आणले होते. चिठ्ठीवर लिहिले होते : तेरा किलो.